ल प्वीपासून पिरेनीजपर्यंत : पायांखालून बदलत गेलेला फ्रान्स

स्पेनमधील सांतियागो द कॉम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे फ्रान्समधून चार जुने यात्रामार्ग जातात. त्यांपैकी मी चाललो तो मार्ग ल प्वी-आं-व्हले या डोंगराळ गावातून निघतो आणि सुमारे साडेसातशे किलोमीटर नैर्ऋत्येकडे जाऊन पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी सँ-जाँ-प्ये-द-पोर येथे फ्रान्सची हद्द जवळजवळ संपवतो. आजच्या नकाशावर त्याची नोंद ‘जीआर ६५’ अशी आहे आणि झाडांवर, दगडांवर, विजेच्या खांबांवर काढलेले पांढरे-लाल पट्टे तो दाखवत राहतात. मी भूगोल शिकवतो आणि आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेलो आहे, त्यामुळे या वाटेकडे पाहण्याची माझी दृष्टी आधीपासून ठरलेली होती. आपली पालखीची वाट दिवे घाट चढून पर्जन्यछायेत उतरते, पाऊस आणि पिके बदलत जातात. परंतु पायांखालचा खडक आळंदीपासून चंद्रभागेपर्यंत दख्खनचा तोच काळा कातळ राहतो. फ्रान्समधली ही वाट मात्र दर चार-पाच मुक्कामांनंतर नव्या खडकावर चढते, आणि खडक बदलला की घरांची छपरे, शेते, जेवण आणि माणसे स्वतःला कुठली म्हणवतात तेही बदलते. फ्रान्सचे जुने प्रांत कागदावरून केव्हाच गेले असले तरी चालणाऱ्याला ते अजूनही लख्ख भेटतात, हे मला या वाटेने दाखवले.

ल प्वी हे गाव ज्वालामुखींनी घडवलेल्या खोलगट प्रदेशात वसलेले आहे. विझलेल्या ज्वालामुखीच्या नळीत घट्ट झालेला खडक उरला, भोवतालचा मऊ भाग झिजून गेला आणि गावाच्या मध्येच सुळके उभे राहिले. त्यांतल्या सँ-मिशेल देगील या सुळक्यावर २६८ पायऱ्या चढून गेले की दहाव्या शतकातले छोटे प्रार्थनागृह लागते. ते ९६२ मध्ये पूर्ण झाले. ते उभारण्यामागे असलेले ल प्वीचे बिशप गोदेस्काल्क ९५०-९५१ च्या सुमारास कॉम्पोस्तेलाला जाऊन आले होते. या मार्गाने गेलेल्या आणि नाव टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या यात्रेकरूंमध्ये त्यांची गणना होते. दुसऱ्या सुळक्यावर १८६० मध्ये उभारलेली मेरीची प्रचंड मूर्ती आहे. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोल येथे हाती आलेल्या रशियन तोफा वितळवून ती ओतलेली आहे. सकाळी सात वाजता कॅथेड्रलमध्ये यात्रेकरूंसाठी प्रार्थना होते आणि ती संपल्यावर मंदिराच्या जमिनीतलेच जाळीचे दार उघडून थेट गावाकडे उतरणारा जिना मोकळा केला जातो. माउलींच्या प्रस्थानाची गर्दी आणि टाळ-मृदंगाचा कल्लोळ ज्याने अनुभवला आहे, त्याला ही निघण्याची रीत फार शांत वाटेल. मलाही ती तशी वाटली, तरी पायऱ्या उतरताना हात आपोआप जोडले गेले.

गाव सुटताच तांबड्या-काळ्या मातीची शेते लागतात. इथली हिरवी मसूर प्रसिद्ध आहे आणि १९९६ पासून तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. पश्चिमेकडून येणारे ओले वारे वाटेतल्या डोंगरांवर आपला पाऊस रिता करतात आणि ल प्वीभोवतालच्या व्हले प्रदेशात कोरडे होऊन उतरतात. ज्वालामुखीची माती आणि दाणा भरण्याच्या वेळची ही कोरडी उष्णता या दोन गोष्टींमुळे त्या मसुरीची साल पातळ राहते. माण आणि फलटणकडच्या माणसाला पर्जन्यछाया समजावून सांगावी लागत नाही.

पुढे आलिए नदीची घळ येते. मोनिस्त्रोल गावाशी वाट खोल उतरते आणि पलीकडे तितकीच निर्दयपणे चढते. चढ संपला की मार्जेरीदचे ग्रॅनाइटचे पठार सुरू होते. घरे करड्या, ठोकळ्यासारख्या दगडांची, भोवती पाइनची जंगले, आणि माणसे अगदी विरळ. सोग हे इथले मोठे गाव. १७६४ ते १७६७ या काळात ज्या हिंस्र श्वापदाने या मुलखात सुमारे शंभर बळी घेतले, त्याच्या आठवणी गावात पावलोपावली दिसतात. ते श्वापद जेव्होदाँचे म्हणून ओळखले जाते. जेव्होदाँ हा जुना प्रांत आज बहुतांशी लोझेर जिल्ह्यात आहे, मात्र सोग त्या प्रांताचे असूनही ओत-ल्वार जिल्ह्यात गेलेले आहे. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये फ्रान्सचे ८३ जिल्हे पाडले गेले आणि जुन्या प्रांतांच्या निष्ठा पुसण्यासाठी त्यांना बहुतेक ठिकाणी नद्यांची आणि पर्वतांची नावे देण्यात आली. अशा रेषा ओढताना काही गावे आपल्या माणसांपासून तुटतातच. व्हले आणि जेव्होदाँ हे दोन्ही मुलूख राज्यक्रांतीपूर्वी दूर दक्षिणेपर्यंत पसरलेल्या लाँगदोक प्रांतात होते. २०१६ मध्ये युरोपातील फ्रान्सच्या, जिल्ह्यांहून मोठ्या २२ विभागांचे १३ झाले, तेव्हा ल प्वी लियाँच्या विभागात गेले आणि लोझेर तुलूझच्या. चालताना ही सीमा एका खिंडीजवळ ओलांडावी लागते. दोन्ही बाजूंना तोच ग्रॅनाइट आणि तीच गुरे आहेत, त्यामुळे ती सीमा मला अगदीच वरवरची वाटली.

ओमाँ गाव मागे पडल्यावर ओब्राकचे पठार आले, आणि संपूर्ण यात्रेत माझे मन सर्वांत जास्त रमले ते इथेच. हे पठार पुन्हा बेसाल्टचे आहे. दख्खनच्या कातळाहून त्याचे वय फार कमी आहे, तरीही कुंपणाच्या गडग्यातला काळा, बारीक छिद्रांचा दगड हातात घेतला तेव्हा मला साताऱ्याकडचे सडे आठवले. हजार ते तेराशे मीटर उंचीवर क्षितिजापर्यंत गवत, मधूनच वाहणारे ओहोळ, दगडी कुंपणे आणि फिकट तपकिरी रंगाच्या, डोळ्यांभोवती काजळ रेखल्यासारख्या ओब्राक जातीच्या गाई, एवढेच काय ते डोळ्यांपुढे असते. मेअखेरीस खालच्या खोऱ्यांतून गुरे वर चढवतात, तेव्हा त्यांच्या शिंगांना फुले आणि गळ्यात घंटा बांधतात. ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा खाली नेतात. पठारावर जागोजागी दगडी बुटकी घरे दिसतात. गुराखी उन्हाळाभर त्यांत राहून चीज करीत असत. आता बहुतेक ओस आहेत.

नास्बिनाल गावातल्या मुक्कामात यजमानीणबाईंनी आलिगो करायला घेतला आणि मी परवानगी काढून चुलीपाशी उभा राहिलो. उकडून मळलेल्या बटाट्यात लोणी, साय आणि थोडी लसूण घालून त्यांनी ताज्या, न मुरवलेल्या चीजचे पातळ काप त्यात सोडले आणि लांब लाकडी उलथन्याने एकाच दिशेने घोटायला सुरुवात केली. पाच मिनिटांत तो गोळा चकाकू लागला. उलथने वर उचलले की हातभर लांब, न तुटणारी धार भांड्यातून वर येई, आणि ती तुटेनाशी झाली तेव्हाच त्यांनी विस्तव बंद केला. पूर्वी मठातले साधू यात्रेकरूंना पाव आणि हेच ताजे चीज घालून शिजवलेले अन्न देत, बटाटा नंतर आला, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना सहज विचारले, “हे गाव लोझेरचे ना?” त्यांनी उत्तर दिले, “कागदोपत्री लोझेरचे. पण पलीकडच्या आव्हेराँमधले आणि उत्तरेकडच्या काँतालमधले लोकही आमच्यासारखेच ओब्राकचे आहेत. गाय कुठे जिल्हा पाहून चरते?” एका पठाराचे तीन जिल्ह्यांत तुकडे पाडले गेले आहेत, आणि गुरे, चीज, बोली आणि लग्नसंबंध यांनी ते तुकडे सांधलेले आहेत.

पठाराच्या माथ्यावर ओब्राक नावाचीच वस्ती आहे. बाराव्या शतकात इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा स्थापन झाली. धुके आणि हिमवादळात वाट चुकलेल्यांना दिशा कळावी म्हणून वाजवली जाणारी घंटा तिथे होती. मी गेलो तेव्हा धुके एवढे दाट होते की त्या घंटेचे मोल कोणी समजावण्याची गरज उरली नाही.

इथून वाट लॉत नदीच्या खोऱ्यात कोसळते. एका दिवसाच्या चालीत गवताळ पठारावरून आपण फळबागांत येतो. सँ-शेलीचा जुना पूल, एस्पालियाँचा तांबूस वालुकाश्माचा पूल आणि नदीकाठचा एस्ताँचा किल्ला पाहत आपण पुन्हा डोंगरात शिरतो आणि काँक येते. हा जुना रुएर्ग प्रांत. शिस्ट या पापुद्र्यापापुद्र्याने निघणाऱ्या खडकाच्या चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या छपरांवर रचलेल्या असतात, आणि तेच खडक रस्त्यात, भिंतीत, पायऱ्यांतही असल्यामुळे सारे गाव डोंगरातूनच कोरून काढल्यासारखे वाटते. इथल्या सँत-फ्वा मठाच्या पश्चिम दारावर बाराव्या शतकात कोरलेला अंतिम न्यायाचा देखावा आहे, त्यात १२४ आकृत्या आहेत. ज्या संतकन्येचे हे स्थान, तिच्या अस्थी नवव्या शतकात आजाँ शहरातून काँकच्या एका साधूने पळवून आणल्या, अशी परंपरा सांगते. मंदिराच्या १०४ खिडक्यांना शेजारच्या रोदेझमध्ये जन्मलेले चित्रकार पिएर सुलाज यांनी रंगहीन, अर्धपारदर्शक काचा बसवल्या आणि ते काम १९९४ मध्ये पूर्ण झाले. संध्याकाळी मठातले एक साधू दारासमोर उभे राहून त्या शिल्पाचा अर्थ सांगतात. दमलेले यात्रेकरू दगडी जमिनीवर बसून ऐकत होते, आणि मला मुक्कामावरच्या कीर्तनाची तीव्र आठवण झाली.

काँकनंतर येणारे दकाझव्हील बहुतेकजण घाईघाईने ओलांडतात. मी तिथे मुद्दाम थांबलो. एकोणिसाव्या शतकात कोळसा आणि पोलाद यांसाठी उभे राहिलेले हे गाव आपल्या संस्थापकाचे, ड्यूक दकाझ यांचे नाव धारण करते. उघडी कोळसा खाण २००१ मध्ये बंद पडली. तीर्थयात्रेच्या वर्णनांत अशा गावांना जागा मिळत नाही, पण तीही त्याच भूगर्भाची लेकरे आहेत.

फिजाक हे शाँपोल्यों यांचे जन्मगाव. इजिप्तची चित्रलिपी वाचणाऱ्या या विद्वानाच्या स्मरणार्थ तिथल्या एका चौकात रोझेटा शिलालेखाची महाकाय प्रतिकृती जमिनीवर पसरलेली आहे. त्यापुढे केर्सीचे चुनखडीचे पठार लागते. इथे पाऊस पडतो, पण पाणी जमिनीवर राहत नाही. ते भेगांतून खाली उतरते आणि दऱ्यांत झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्यामुळे खुरटे ओक, दगडी गडगे, गोल छपरांच्या चुन्याविना रचलेल्या खोपी आणि मेंढ्या असा हा मुलूख आहे, आणि चालणाऱ्याने प्रत्येक गावात बाटली भरून घ्यावीच लागते. काऑर शहराला लॉत नदी तीन बाजूंनी वळसा घालते. तिथला तीन मनोऱ्यांचा व्हालाँत्रे पूल चौदाव्या शतकातला आहे.

म्वासाकला पोहोचेपर्यंत दगड संपत जातो आणि वीट सुरू होते, कारण आपण तार्न आणि गारोन नद्यांच्या गाळाच्या मैदानात आलेलो असतो. मठाचा ११०० मध्ये पूर्ण झालेला अंगणाभोवतीचा ओसरीमार्ग केवळ कोरीव खांबांसाठी पाहावा असा आहे. एकोणिसाव्या शतकात बोर्दो ते सेत रेल्वेसाठी मठाचा काही भाग पाडला गेला आणि आजही गाड्या त्याच्या अगदी कडेने धावतात. गारोन ओलांडली की गास्कोनी हा जुना प्रांत. पिरेनीजच्या पायथ्याशी लानमेझाँच्या पठारावरून पंख्याच्या काड्यांसारख्या नद्या उत्तरेकडे पसरतात आणि आपली वाट त्यांना आडवी छेदत जाते. म्हणून जेर्स जिल्ह्यात दिवसभर टेकडी चढा, खोऱ्यात उतरा, पुन्हा चढा, एवढाच क्रम असतो. सूर्यफूल, लसूण आणि द्राक्षे दोन्ही बाजूंना असतात आणि चिखल बुटांना सोडत नाही. लेक्तूरच्या उंचवट्यावरून निरभ्र दिवशी पिरेनीजची बर्फाळ रेघ दिसते.

एर-स्युर-लादूरच्या पलीकडची मक्याची शेते मी फारशी न रेंगाळता ओलांडली. बेआर्न या जुन्या प्रांतातल्या कड्यावरून लाक गावचे कारखाने दिसतात. तिथे १९५१ मध्ये नैसर्गिक वायू सापडला होता. नाव्हारेंक्सच्या तटबंदीनंतर सेझाँ नदी ओलांडली आणि भिंती एकाएकी पांढऱ्या, लाकूडकाम लाल झाले. दारावरच्या दगडी पट्टीवर घराचे नाव आणि वर्ष कोरलेले दिसू लागले, पाट्यांवर फ्रेंचबरोबर बास्क भाषा आली. १७९० मध्ये बेआर्न आणि बास्क मुलूख एकाच जिल्ह्यात बांधले गेले. तो जिल्हा आजही तसाच आहे, फक्त त्याचे नाव १९६९ मध्ये बदलून पिरेने-आत्लाँतिक झाले. परंतु २०१७ पासून बास्क गावांचा एकत्रित महासंघ अस्तित्वात आहे आणि लोक त्याबद्दल आपण होऊन बोलतात. ओस्ताबाच्या अलीकडे तूर, व्हेझले आणि ल प्वी येथून आलेले तीन मार्ग एका दगडी स्तंभापाशी मिळतात, आणि तोवर विरळ असलेली वाट माणसांनी भरू लागते.

सँ-जाँ-प्ये-द-पोरमध्ये बहुतेकजण खिंड चढून स्पेनमधल्या रोन्सेस्व्हायेसला जाण्याच्या तयारीत असतात. माझी रजा संपली होती, म्हणून मी तिथून परतलो. ज्यांना थोडाच वेळ आहे, त्यांनी ल प्वी ते काँक हे सुमारे दोनशे किलोमीटर चालावेत. ज्वालामुखी, ग्रॅनाइट, बेसाल्ट आणि शिस्ट हे चारही मुलूख तेवढ्यात भेटतात. ओब्राकवर मेपूर्वी जाऊ नये, कारण वसंतातही तिथे बर्फ पडू शकतो, आणि मुक्कामाची जागा आधी राखून ठेवावी, कारण पठारावरची गावे लहान आहेत.