‘खात्री आहे का?’ एवढं विचारून डेटा वाचत नाही

डेटा पुसणाऱ्या कमांडला इशारा जोडायला बसलं की पहिली ओळ बहुतेक वेळा हीच लिहिली जाते: ‘तुम्हाला खात्री आहे का? (हो/नाही)’. खात्री तर माणसाला असतेच, म्हणून तर त्याने कमांड लिहून एंटर दाबलं. चूक वेगळ्याच जागी असते. डिस्क दुसरी असते, सर्व्हर दुसरा असतो, व्हेरिएबल रिकामं असतं, नाहीतर वाइल्डकार्डच्या (‘*’सारख्या खुणेच्या) जाळ्यात अपेक्षेपेक्षा दसपट फाइली आलेल्या असतात. यातलं काहीही तो प्रश्न दाखवत नाही. वापरणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र आणि टूलला समजलेलं चित्र यांतला फरक डोळ्यांसमोर आणतो तोच इशारा कामाचा.

फाइली पुसणाऱ्या ‘आरएम’ कमांडला ‘-आय’ (प्रत्येक फाइलीआधी विचार) लावून ठेवायची जुनी सवय बघा. अनेक जण शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तसा एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, करून ठेवतात. मग २०० फाइली पुसताना टूल २०० वेळा विचारतं, दहाव्या प्रश्नानंतर कोणी वाचत नाही आणि पुढच्या वेळी हात आपोआप ‘-एफ’ (न विचारता पुस) लावतो. ‘-आय’ आणि ‘-एफ’ दोन्ही दिले तर जो शेवटी येतो तो लागू होतो, म्हणजे एलियसचं संरक्षण तिथेच संपलं. त्यातच एखाद्या दिवशी एलियस नसलेल्या मशीनवर काम करायची वेळ येते आणि ‘विचारेलच की’ या भरवशावर कमांड चालते. जीएनयूच्या ‘आरएम’मध्ये मोठ्या लिपीतला ‘आय’ हा पर्याय आहे. ३ पेक्षा जास्त फाइली असतील किंवा आतल्या फोल्डरांसकट पुसायचं असेल तरच तो विचारतो, आणि एकदाच. माझ्या मते प्रश्नांची संख्या कमी ठेवणं हा इशाऱ्याच्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

आता टूलला काय समजलं ते कसं दाखवायचं? डिस्क पुसणाऱ्या टूलने प्रश्नाआधी साधारण एवढं छापावं:

मशीन: डीबी-१, दूरस्थ लॉगिन
डिस्क: /डेव्ह/एसडीबी, ४ टीबी, यूएसबीवर नाही
सापडलं: जीपीटी तक्ता, २ पार्टिशन, दुसऱ्यावर एक्सएफएस, लेबल ‘संग्रह’
परत मिळणं: शक्य नाही, सुरुवातीलाच डिस्कार्ड पाठवलं जाईल
पुढे जायचं असल्यास डिस्कच्या सिरियलची शेवटची ४ अक्षरं लिहा:

(डिस्कार्ड म्हणजे ‘या जागेतला डेटा आता नको’ अशी डिस्कला दिलेली सूचना.) ‘यूएसबीवर नाही’ हे दोन शब्द पेनड्राइव्हवर इमेज लिहायला बसलेल्या माणसाला जागच्या जागी थांबवतात. डेटा जसाच्या तसा डिस्कवर उतरवणाऱ्या ‘डीडी’ कमांडने होणारे बहुतेक घोटाळे याच जातीचे असतात, आणि ‘डीडी’ स्वतः काहीच विचारत नाही. एसडीए, एसडीबी ही नावं कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने मिळतात. रीबूटनंतर ती बदलू शकतात, म्हणून कालची एसडीबी आज एसडीसी असू शकते. वापरणाऱ्याने /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधलं नाव द्यावं हे उत्तम, पण तो देईलच असं धरून चालू नये. टूलनेच मॉडेल, आकार आणि जोडणीचा प्रकार शोधून दाखवावा. ‘एलएसबीएलके’ आणि ‘बीएलकेआयडी’ हीच माहिती देतात, ती नव्याने शोधायला लागत नाही.

सिरियल वर छापलेला नाही, हे मुद्दाम आहे. उत्तर प्रश्नाच्या शेजारीच छापलं की बोटं ते बघून उतरवतात आणि डोकं बाजूला राहतं. माणसाने ते उत्तर दुसरीकडून आणायला हवं: डिस्कवरच्या स्टिकरवरून किंवा दुसऱ्या टर्मिनलमधून. डेबियनमधलं ‘मॉली-गार्ड’ हे पॅकेज याच तत्त्वावर चालतं. एसएसएचवरून (दूरस्थ लॉगिनमधून) मशीन बंद किंवा रीबूट करायला गेलं की ते मशीनचं नाव लिहायला सांगतं. जो चुकीच्या खिडकीत आहे तो आपल्या मनातल्या मशीनचं नाव लिहितो आणि तिथेच अडतो.

मशीनचं नाव किती मोलाचं आहे हे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत दिसलं. दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसायची होती, ती कमांड मुख्य सर्व्हरवर चालली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते. त्या क्षणी ‘खात्री आहे का?’ असं विचारलं असतं तर उत्तर ‘हो’च आलं असतं.

काही गोष्टी मात्र विचारायच्याच नसतात, सरळ नाकारायच्या असतात. माउंट असलेली (वापरासाठी जोडलेली) डिस्क फॉरमॅट करायची विनंती ही त्यातली पहिली. लिनक्सवर ब्लॉक डिव्हाइस ‘ओ_एक्सीएल’ लावून उघडलं आणि ते वापरात असलं, तर कर्नल ‘ईबिझी’ ही एरर देतो. एका फ्लॅगचं काम आहे, आणि माउंटची यादी स्वतः वाचण्यापेक्षा ते भरवशाचं आहे, कारण एलव्हीएम किंवा रेड या डिस्क एकत्र बांधणाऱ्या यंत्रणांनी धरलेली डिस्कही त्यात सापडते. फाइल सिस्टिम बनवणाऱ्या ‘एमकेएफएस.एक्सएफएस’ला डिस्कवर आधीची फाइल सिस्टिम दिसली की ते प्रश्न न विचारता थांबतं आणि ‘-एफ’ द्यायला सांगतं. तशाच ‘एमकेई२एफएस’मध्ये माउंट असलेल्या डिस्कवर जबरदस्ती करायची तर मोठा ‘-एफ’ दोनदा द्यावा लागतो. ‘आरएम’ही २००६ पासून मूळ डिरेक्टरी आतल्या सगळ्यासकट पुसायला आपणहून नकार देतं. पण तिरक्या रेघेपुढे तारा (‘/*’) लावला की हे संरक्षण लागू होत नाही: शेल ताऱ्याचा विस्तार आधीच करून टाकतं आणि ‘आरएम’च्या हातात फक्त सुट्या फोल्डरांची यादी पडते.

रिकाम्या व्हेरिएबलचा प्रकारही याच रांगेतला. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग ॲपच्या स्क्रिप्टमध्ये पुसायच्या मार्गाचा पहिला भाग एका व्हेरिएबलमधून येत होता. काही परिस्थितीत तो रिकामा राहिला, उरली ती तिरकी रेघ आणि तारा, आणि वापरणाऱ्यांच्या फाइली गेल्या. बॅशमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे कंसाच्या आत ‘:?’ लिहिलं की किंमत रिकामी असताना स्क्रिप्ट तिथेच थांबते. आपल्या टूलमध्येही रिकामा मार्ग, मूळ डिरेक्टरी आणि होम डिरेक्टरी यांची तपासणी मार्ग पूर्ण सोडवून झाल्यावर करावी. आधी केली तर दोन टिंबं (‘..’, म्हणजे वरचं फोल्डर) आणि सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारी फाइल) तिला चकवतात.

प्रश्न विचारण्याच्या यंत्रणेतही खड्डे आहेत, आणि ते टर्मिनलसमोर बसून सहसा दिसत नाहीत. इनपुट टर्मिनलवरून येतंय का हे ‘इझएटीटीवाय’ या फंक्शनने तपासा. येत नसेल तर ‘हो’ गृहीत धरू नका, वाट बघत लटकूही नका: शून्य नसलेला एक्झिट कोड देऊन बाहेर पडा आणि कोणता फ्लॅग हवा ते एररमध्ये सांगा. लूपमध्ये फाइलींची यादी वाचली जात असेल तर तुमचा प्रश्न यादीतली पुढची ओळच उत्तर म्हणून गिळतो. म्हणून उत्तर नेहमीच्या इनपुटवरून न घेता /डेव्ह/टीटीवाय वरून घ्यावं. त्याआधी ‘टीसीफ्लश’ने साठलेल्या कळा रिकाम्या कराव्यात. कोणी पाच ओळी एकदम पेस्ट केल्या असतील तर तिसरी ओळ तुमच्या प्रश्नाचं उत्तर बनू नये. नुसतं एंटर म्हणजे नाही. इशारा एरर आउटपुटवर जावा, नाहीतर आउटपुट फाइलमध्ये वळवलं की प्रश्न दिसतच नाही आणि टूल अडकल्यासारखं वाटतं.

फ्लॅगांबद्दल थोडं कडक राहावं असं मला वाटतं. ‘--फोर्स’ नावाचा एकच फ्लॅग प्रश्नही गप्प करतो, सुरक्षा-तपासण्याही ओलांडतो आणि एररही झाकतो, ही रचना धोक्याची आहे. क्रॉनमधल्या (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टला फक्त प्रश्न नको असतो, माउंट असलेली डिस्क पुसायची परवानगी तिला नको असते. हे दोन फ्लॅग वेगळे हवेत आणि दुसरा लांबलचक हवा, एका अक्षराचा नको. ‘सेफ’ (Ceph) या स्टोरेज सिस्टिममध्ये पूल (डेटाचा मोठा कप्पा) पुसताना पूलचं नाव दोनदा द्यावं लागतं, ‘--येस-आय-रिअली-रिअली-मीन-इट’ लिहावं लागतं, आणि शिवाय मॉनिटरच्या सेटिंगमध्ये पूल पुसायची परवानगी आधी चालू करावी लागते. मुळात ती बंदच असते. पूल रोज पुसायची वस्तू नाही, तिथे एवढा अडथळा योग्यच. रोज शंभरदा लागणाऱ्या कमांडला तो लावला तर आठवड्याभरात कोणीतरी त्याचा एलियस करेल.

ड्राय-रन, म्हणजे न पुसता काय पुसलं जाईल ते दाखवणं, द्यायचंच. मात्र यादी काढणारा कोड आणि पुसणारा कोड एकच असावा, फक्त शेवटचा कॉल वगळलेला. दोन वेगळे लिहिले की काही महिन्यांत त्यांच्यात फरक पडतो आणि ड्राय-रन खोटं बोलायला लागतं. शिवाय ड्राय-रन आणि खरी धाव यांच्यामध्ये परिस्थिती बदलू शकते. सर्व्हर वगैरे उभारणाऱ्या टेराफॉर्म टूलमध्ये प्लॅन फाइलमध्ये साठवून नेमका तोच लागू करता येतो, ही कल्पना उचलण्यासारखी आहे.

संख्येची मर्यादाही प्रश्नापेक्षा जास्त उपयोगी पडते. फोल्डरची प्रत जुळवणाऱ्या ‘आरसिंक’ला ‘--डिलीट’ (मुळात नाही ते प्रतीतूनही पुस) लावलंय, मूळ डिस्क माउंट व्हायची राहिली आणि माउंट पॉइंट रिकामा आहे असं समजा. ‘आरसिंक’च्या दृष्टीने मूळ फोल्डरमध्ये काहीच नाही, म्हणून ते बॅकअपही तसंच रिकामं करतं. रात्री ३ वाजता उत्तर द्यायला कोणी नसतं. ‘--मॅक्स-डिलीट’ दिलेलं असेल तर ठरलेल्या आकड्यानंतर पुसणं थांबतं आणि एक्झिट कोड २५ येतो, ज्यावर अलार्म लावता येतो.

‘परत मिळणार नाही’ हे वाक्य जिथे खरं आहे तिथेच छापा. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये ‘झेडपूल डिस्ट्रॉय’ केलेला पूल (डिस्कांचा संच) डिस्क पुन्हा वापरल्या नसतील तर ‘झेडपूल इम्पोर्ट’ला मोठा ‘-डी’ देऊन अनेकदा परत येतो. डिस्कवरच्या फाइल सिस्टिमच्या खुणा पुसणाऱ्या ‘वाइपएफएस’ला ‘--बॅकअप’ दिलं तर पुसलेल्या खुणांची प्रत होम डिरेक्टरीत राहते. उलट एसएसडीवर ‘एमकेई२एफएस’ आणि ‘एमकेएफएस.एक्सएफएस’ मुळातच आधी डिस्कार्ड पाठवतात, त्यामुळे नंतर रिकव्हरीची आशा जवळजवळ राहत नाही. हा फरक माणसाला आधी कळला पाहिजे.

जुन्या टूलमध्ये इशारा नव्याने घालताना एकदम नकार देऊ नका, लोकांच्या स्क्रिप्ट मोडतील. टर्मिनल असेल तिथे पहिल्याच आवृत्तीपासून विचारा. टर्मिनल नसेल तिथे त्या आवृत्तीत फक्त एरर आउटपुटवर सांगा की अमुक आवृत्तीपासून हा फ्लॅग लागेल, आणि त्या आवृत्तीपासून नकार द्या.

चाचणीसाठी ५१२ एमबीची फाइल करून ती लूप डिव्हाइस (डिस्कसारखी वागणारी फाइल) म्हणून जोडा, तिच्यावर फाइल सिस्टिम बनवा आणि चेकसम (डेटा बदलला की बदलणारा आकडा) घ्या. मग एकेक करून: चुकीचं उत्तर, नुसतं एंटर, कंट्रोल-सी, बंद इनपुट, पाइपमधून येणारा ‘येस’चा प्रवाह. टर्मिनल लागणाऱ्या चाचण्या ‘एक्स्पेक्ट’ या आपोआप टाइप करणाऱ्या टूलने चालवता येतात. प्रत्येक नकारानंतर एक्झिट कोड शून्य नसावा आणि चेकसम बाइटभरही बदललेला नसावा. माउंट असतानाची चाचणी वेगळी घ्या आणि डिव्हाइस फक्त वाचण्यासाठी माउंट करा. लिहिण्यासाठी माउंट केलं तर फाइल सिस्टिम स्वतःच सुपरब्लॉकमध्ये (स्वतःची माहिती ठेवायच्या जागी) नोंदी करते आणि टूल निर्दोष असूनही चेकसम जुळत नाही.