संत्र्याच्या पन्हेरीतून कुंडीपर्यंत : आमची वाटचाल

अमरावती जिल्ह्यातील वरूड-शेंदुरजना घाट हा पट्टा संत्र्याच्या पन्हेरीसाठी, म्हणजे रोपे-कलमे तयार करण्यासाठी, ओळखला जातो आणि आमची रोपवाटिकाही त्याच धंद्यातून उभी राहिली. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) नागपुरी संत्र्याचा डोळा (फुटवा येणारा सालीचा तुकडा) बांधायचा आणि तयार झालेली कलमे पावसाळ्यात शेतकऱ्यांना द्यायची, हे वडिलांच्या वेळेपासूनचे काम आजही सुरू आहे. मात्र लागवडीचा हंगाम आटोपला की पैशाची आवक थांबते, मजुरी मात्र चालूच राहते. म्हणून दसऱ्यानंतर शेवंती, झेंडू, पिटुनिया आणि घरात ठेवण्याची झाडे विकण्यास आम्ही सुरुवात केली.

विक्री चांगली झाली, पण तक्रारीही आल्या. दिवाळीत नेलेला मनीप्लांट किंवा अडेनियम घेऊन लोक मार्गशीर्षात परत येत आणि थंडीने झाड गेले म्हणून सांगत. कुंडी उचलली की ती जड लागे, माती चिखलासारखी असे आणि मुळे काळी पडून बोटाला सालीसकट निसटत. थंडी वाढली की झाडाची वाढ मंदावते, त्याला पाणी कमी लागते आणि कुंडीतला ओलावा लवकर उडत नाही. तरीही उन्हाळ्याच्या सवयीने रोज तांब्याभर पाणी घातले जाते. आमच्याकडे तरी थंडीपेक्षा पाण्यानेच अधिक झाडे दगावलेली दिसतात.

त्यात आपली काळी माती. शेतात सोन्यासारखी असली, तरी कुंडीत ती ओली झाली की फुगून घट्ट बसते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, त्यामुळे घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. यामुळे आम्ही कुंड्या मुरमाड माती, जाड वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात भरू लागलो. शेणखत कच्चे असेल, तर हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि उधई (वाळवी) यांना आवतणच मिळते. आता झाड देताना आम्ही सांगतो की बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागल्यावरच सकाळी पाणी द्यावे आणि पाने गाळणाऱ्या अडेनियमचे पाणी जवळजवळ बंदच करावे.

एप्रिलमध्ये बांधलेली हिरवी जाळी डिसेंबरातही तशीच ठेवणारी घरे आमच्या भागात पुष्कळ आहेत. फुलझाडांवरून ती काढली नाही, तर कितीही खत घातले तरी कळ्या येत नाहीत. शेवंतीचे प्रकरण याहून वेगळे आहे. तिला कळी धरण्यासाठी मोठी, अंधारी रात्र लागते, त्यामुळे अंगणात रात्रभर जळणाऱ्या दिव्याखालची कुंडी नुसतीच पानांनी भरते. हे सांगितल्यावर ग्राहक प्रथम हसतात, मग कुंडी सरकवून पाहतात.

खऱ्या कडाक्याची सोय मात्र करावीच लागते. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचे तापमान 3.5 अंशांपर्यंत उतरले होते. अशा रात्री उघड्यावरची तुळस काळवंडते. तिच्या मंजिऱ्या खुडून कुंडी दक्षिणेकडील भिंतीलगत ठेवावी आणि सूर्यास्तानंतर जुन्या सुती लुगड्याने झाकून सकाळी ऊन येताच ते काढावे. प्लास्टिकने झाकू नये, कारण आत साचणारे दव पानांवरच राहते.