न घडण्याची सोय

कपाटात पुस्तकं आहेत, भोवतालच्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन आहे, तरी कपाट पेटत नाही. खरं तर जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होण्याकडेच कागदाचा कल. फक्त मुहूर्त लागत नाही. पानं हळूहळू पिवळी पडतात, त्यातही ऑक्सिजनचाच हात असतो, पण काम अगदी रेंगाळत चाललेलं.

अडतं ते उंबरठ्यावर. रेणू नुसते एकमेकांवर आदळून भागत नाही, जुने बंध सैल होतील एवढा जोर त्या टकरीत हवा. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियसने 1889 मध्ये हे मांडलं, आणि त्यातला हिशोब मला फार आवडतो. 27 अंश सेल्सिअसचे 37 झाले, म्हणजे केल्विनमध्ये 300 चे 310. वाढ जेमतेम तीन टक्के! तरी कितीतरी अभिक्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. कारण उंबरठा ओलांडण्याइतकी ऊर्जा असलेले रेणू मुळातच मूठभर, आणि एवढ्याशा उबेने त्या मूठभरांची संख्याच दुप्पट होते. बाकीच्यांना फारसा फरक पडत नाही. फ्रिज हाच हिशोब उलटा चालवतो.

संहती, म्हणजे तेवढ्याच जागेतली रेणूंची गर्दी, वाढली की टकरी वाढतात, हे सरळच आहे. कणांच्या आकाराचं प्रकरण मात्र भीतिदायक. लोखंडी खिळा ज्योतीत धरला तर नुसता लाल होतो, त्याच लोखंडाचे केसासारखे तंतू ठिणग्या उडवत जळतात. 1878 मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसची एक प्रचंड पीठगिरणी हवेत तरंगणाऱ्या पिठाच्या धुळीने उडाली आणि 18 माणसं गेली. पोत्यातलं पीठ असं कधी वागत नाही.

उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ, तर उंबरठ्याला वळसा घालणारी वाटच काढून देतो. हायड्रोजन पेरॉक्साइड तपकिरी बाटलीत, उजेडापासून लांब, महिनोन्‌महिने टिकतं. जखमेवर पडलं की लगेच फेसाळतं. फेस म्हणजे जंतू मेल्याची खूण, असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात तो ऑक्सिजन असतो, आपल्याच रक्तातल्या कॅटलेज या विकराने (एन्झाइमने) मोकळा केलेला.

नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला हिऱ्याचंही ग्राफाइट व्हायला हवं. त्याचा उंबरठा इतका उंच की अंगठी घालणाऱ्यांनी काळजी करू नये. त्यासाठी कुणी स्वस्तातला उत्प्रेरक शोधलाच, तर पेन्सिलवाल्यांची तेवढी चंगळ होईल.