डाय बसवताना: .308 विंचेस्टरची पुंगळी आणि दोन थाऊचा हिशोब

आधी एक खुलासा. हे अमेरिकेतल्या, घरच्या बाकावर काडतुसं भरणाऱ्यांसाठी आहे. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी आवरण, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि डाय म्हणजे झाडलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा, प्रेसमध्ये बसणारा साचा. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र कायदा, 1959 खाली गुन्हा आहे.

डायसोबतच्या कागदावर साधारण एवढंच असतं: रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) वर घ्या, डाय शेलहोल्डरला (रॅमवर पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) टेकेपर्यंत फिरवा, मग आणखी पाव फेरा खाली द्या. चालतं, पण ते सगळ्या रायफलींसाठी सरसकट आहे. तुमच्या चेंबरला (रायफलीत काडतूस बसतं ती जागा) पुंगळीचा खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) एवढा मागे ढकलायची गरज नसेल, तर दर वेळी पितळ ताणलं जातं. चार-सहा वेळा भरल्यावर बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसू लागतं. तिथेच पुंगळी तुटते. शंका आली तर टोक वाकवलेली तार आतून फिरवा. खाच हाताला लागते. अशी पुंगळी सरळ भंगारात.

म्हणून मोजूनच बसवा. झाडलेल्या चार-पाच पुंगळ्यांचे प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) काढा आणि व्हर्नियरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा मापाचा जोड) लावून बूड ते खांदा माप घ्या. सगळ्यात लांब भरेल ती प्रमाण धरा. आता डाय शेलहोल्डरपासून थोडी वरच ठेवा, पुंगळीला वंगण लावून दाबा, पुसा, मोजा. मग डाय जराशी खाली. बोल्ट-अ‍ॅक्शनला (हाताने बोल्ट ओढून भरायची रायफल) खांदा 2 थाऊ मागे गेला की पुरे. डायचे आटे इंचाला 14, म्हणजे पूर्ण फेऱ्याला सुमारे 71 थाऊ. 2 थाऊसाठी जेमतेम 10 अंश. डाय आणि प्रेसवर मार्करची रेघ मारली तर हे डोळ्यांना दिसतं. सुरुवातीला माप उलट वाढलं तर दचकू नका: अंग आवळलं जाताना खांदा पुढे सरकतो.

वंगण कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकते आणि रॅम ओढताना शेलहोल्डर तिची कड फाडतो. जास्त झालं तर खांद्यावर खळगे पडतात. खांद्याला वंगण लावूच नये.

लॉक रिंग आवळताना पुंगळी डायमध्ये, रॅम वर. डाय मधोमध बसते.

सीटिंग डायसाठी (पुंगळीत गोळी बसवणारी दुसरी डाय) प्रायमर-बारूद नसलेली, 2.005 इंचाला कापलेली पुंगळी घ्या. तोंडाला डाय टेकली की पूर्ण एक फेरा मागे, नाहीतर गोळी बसतानाच क्रिंप होऊन (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळलं जाऊन) खांदा फुगतो आणि बोल्ट बंद होत नाही. क्रिंप करायचाच असेल तर वेगळ्या दाबात करा, तोही गोळीला खाच असेल तरच. मग सीटिंग स्टेम (डायमधला, गोळी दाबणारा दांडा) थोडाथोडा खाली. एकूण लांबी मॅन्युअलमधली, 2.800 इंचांच्या वर नाही. गोळी त्याहून खोल गेली तर दाब वाढतो.

जमलेल्या नमुन्याच्या अंगाला भोक पाडा म्हणजे तो खऱ्या काडतुसांत मिसळणार नाही, आणि डायच्या डबीत ठेवा. पुढच्या वेळी तीच गोळी असेल तर नमुना रॅमवर चढवायचा, स्टेम टेकेपर्यंत फिरवायचा आणि पहिलं काडतूस तरीही मोजायचं.