बोटांना कळणारे मिलिसेकंद

पुण्याच्या लष्कर भागात अनेक वर्षे पाश्चात्त्य पियानो शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ शिक्षिकांकडून मला बोलावणे आले, तेव्हा त्यांची तक्रार एका वाक्याची होती: "अहो, हा पियानो माझ्या मागून येतो." त्यांचा जुना लाकडी पियानो नव्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर चढवता येईना म्हणून विकावा लागला होता. त्याच्या जागी डिजिटल पियानो आला, पण त्यातला आवाज त्यांना कोंडल्यासारखा वाटे. म्हणून परदेशातल्या भाच्याने लॅपटॉप आणि व्हर्च्युअल पियानोचे सॉफ्टवेअर घेऊन दिले. जोडणी करून गेलेल्या तंत्रज्ञाने त्यांची तक्रार ऐकून "वयामुळे तसे वाटत असेल, टीचर" असे सांगितले होते. वाद्ये संगणकाशी जोडून देण्याच्या माझ्या या व्यवसायात मला सर्वांत जास्त चीड येते ती अशा उत्तरांची. वादक काही सांगत असेल, तर आधी मोजून पाहावे आणि मग बोलावे.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढे सांगायला हवे, की पियानोतून लॅपटॉपकडे जाणाऱ्या केबलमधून आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली, किती वेगाने दाबली, कधी सोडली आणि पेडल कुठे आहे, एवढ्याच आकड्यांचे निरोप जातात. ही मिडीची भाषा १९८३ सालची आहे आणि तिच्यात पट्टीच्या वेगाला १ ते १२७ एवढ्याच पायऱ्या आहेत. आवाज घडतो तो संगणकात. डिजिटल पियानोच्या मागे बहुधा दोन यूएसबी खाचा असतात. पेन ड्राइव्हची चपटी खाच या कामी निरुपयोगी असते आणि प्रिंटरची केबल बसते ती चौकोनी खाच हवी असते. एवढी साधी गोष्ट दुकानात पियानो विकताना कोणी सांगत नाही, त्यामुळे लोक महिनोन् महिने चुकीच्या खाचेत केबल घालून बसतात. इथे केबल योग्य जागी होती.

मी टीचरना एकच पट्टी वाजवायला सांगितली आणि काय झाले आहे ते लगेच कळले. पियानोचा स्वतःचा आवाज बारीक केलेला होता, पण बंद नव्हता. त्यामुळे प्रत्येक स्वर आधी पियानोतून पुसटसा आणि मग लॅपटॉपला जोडलेल्या स्पीकरमधून भरदार असा दोनदा उमटत होता. पियानोच्या मेनूत 'लोकल कंट्रोल' नावाची सोय असते; ती बंद केली की पट्ट्या आणि पियानोतला आवाज यांचा संबंध तुटतो आणि पट्ट्या फक्त निरोप धाडतात. ती बंद केल्यावर स्वर एकेरी झाला, परंतु उशीर राहिलाच.

हा उशीर संगणकाचा होता. संगणक आवाज थेंबाथेंबाने बाहेर सोडत नाही, त्याचे तुकडे साठवून सोडतो, आणि त्या साठ्याला आम्ही बफर म्हणतो. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (सूक्ष्म तुकडे) या दराने १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे साडेअकरा आणि १२८ चा म्हणजे तीनच्या आत. त्यात विंडोजच्या नेहमीच्या ध्वनिमार्गाची आणि इतर यंत्रणेची भर पडते ती वेगळीच. मी माझ्या पिशवीतला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकाचा आवाज बाहेर काढणारी वेगळी पेटी, जोडला, सॉफ्टवेअरला विंडोजचा नेहमीचा मार्ग सोडून आसिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिराने थेट इंटरफेसकडे नेणारा मार्ग, निवडून दिला आणि बफर १२८ वर आणला. लगेच तडतड सुरू झाली. लॅपटॉप वीज वाचवण्याच्या सेटिंगवर होता आणि वाय-फायही चालू होते. दोन्हींचा बंदोबस्त केल्यावर आवाज स्वच्छ झाला. स्पीकर समोरच्या भिंतीजवळच्या कपाटावर, टीचरपासून दोन मीटरांवर ठेवलेले होते. ध्वनीला एक मीटर कापायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे सहा तिथेच खर्च होत होते. स्पीकर पियानोच्या दोन्ही बाजूंना आणले.

पुढे जे घडले त्यासाठी मी हे लिहितो आहे.

पट्ट्यांचा प्रतिसाद जुळवण्यासाठी मी मिडीचे आकडे दाखवणारी खिडकी उघडली आणि त्यांना मधला सी हलक्या हाताने पुन्हा पुन्हा वाजवायला सांगितले. पडद्यावर ३१, ३०, ३१, ३२, ३१ असे आकडे उमटत गेले. "आता याहून थोडेसे जास्त," असे म्हटल्यावर ३८, ३७, ३८. त्यांना पडदा दिसत नव्हता. डिजिटल पियानोच्या पट्टीखाली बहुधा दोन किंवा तीन स्पर्शबिंदू असतात आणि त्यांच्यामधल्या वेळेवरून वेग ठरतो. त्या सूक्ष्म वेळेवर बोटांचा एवढा ताबा मी क्वचितच पाहिला आहे. पूर्ण जोर लावूनही त्यांचा हात शंभरच्या फारसा वर जात नव्हता, म्हणून पट्टीच्या वेगाला किती मोठा आवाज द्यायचा हे ठरवणारी सॉफ्टवेअरमधली वक्ररेषा वर उचलून त्यांच्या हाताला पूर्ण आवाका मिळवून दिला. पेडलविषयी त्या म्हणाल्या, "अर्धे दाबलेले याला समजत नाही." आकडे पाहिले तर पेडलचे निरोप फक्त ० आणि १२७ असेच येत होते. पियानोसोबत आलेले ते चौकोनी पेडल म्हणजे नुसते बटण होते. त्यांच्या मॉडेलला अर्ध्या दाबाचे पेडल चालते, पण ते वेगळे विकत घ्यावे लागते. एवढ्या किमतीच्या वाद्याबरोबर बटण देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

मग मी त्यांच्या परवानगीने एक चाचणी घेतली. लॅपटॉप माझ्याकडे वळवून, न सांगता बफर कधी १२८ तर कधी ५१२ करत राहिलो. संथ, हलक्या वादनात त्यांना फरक जाणवला नाही. दोन्ही वेळा त्या शांतपणे वाजवत राहिल्या. मात्र जोरदार तुटक स्वरमेळ वाजवायला घेतले, की ५१२ वर त्या पहिल्या एक-दोन आघातांतच हात उचलत आणि म्हणत, "हे बघा, परत मागे पडला." १२८ वर त्या थांबल्या नाहीत.

आमच्या क्षेत्रात "दहा मिलिसेकंदांच्या आत कोणाला काही कळत नाही" असे ठोकून सांगायची पद्धत आहे, आणि त्या पद्धतीवर माझा विश्वास उरलेला नाही. खऱ्या पियानोतही उशीर असतोच. पट्टीला बोट लागल्यापासून हातोडी तारेवर आदळेपर्यंत जोरदार आघातात पंचवीस-तीस मिलिसेकंद जातात, तर अगदी हलक्या स्पर्शात हा काळ दीडशेच्या आसपास पोहोचतो. म्हणजे हळू वाजवणाऱ्या बोटाला मुळातच मोठ्या अंतराची सवय असते आणि त्यात १२८ आणि ५१२ मधल्या फरकाची, म्हणजे आठ-नऊ मिलिसेकंदांची भर पडली तर ती मिसळून जाते. जोरात वाजवताना तीच भर मूळ अंतराच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढी होते. टीचरच्या बोटांनी हे प्रमाण लाकडी पियानोवर आयुष्यभर घोटले आहे, असे मला वाटते. तरीही माझी पूर्ण खात्री नाही, कारण तुटक आणि मोठ्या स्वराची सुरुवात मुळातच टोकदार असते आणि कदाचित नुसत्या कानालाही तो उशीर तिथे अधिक स्पष्ट पकडता येत असेल.

हे ठरवायचे तर हीच चाचणी अशा वादकावर घ्यावी लागेल, जो लहानपणापासून फक्त डिजिटल पट्ट्यांवर वाढला आहे आणि ज्याने हातोडीचा पियानो कधी वाजवलेला नाही. टीचरच्या नव्या शिष्यांमध्ये असे काही जण आहेत. अर्ध्या दाबाचे पेडल आले की ते बसवायला मी जाणार आहे, आणि तेव्हा त्यांच्यापैकी एखाद्याला बोलावून ठेवा, अशी विनंती मी त्यांना केली आहे.