जॉब कार्डावर न आलेली तक्रार

गुरुवार, रात्री

आज सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरला लेखी तक्रार पाठवली. तारीख, बिल नंबर, फोटो, सगळं व्यवस्थित जोडलं. तरी झोप येईना, म्हणून वही घेऊन बसले.

पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण संताप त्याचा नाही. गाडी टाकताना मी एकच गोष्ट नीट सांगितली होती आणि नेमकी तीच कुणी बघितली नाही. "गाडी डावीकडे ओढते आणि थोडी चालवून थांबलं की डाव्या पुढच्या चाकापाशी करपल्यासारखा वास येतो." अगदी याच शब्दांत. गाडी ताब्यात घेणारा ॲडव्हायझर मान डोलावत टॅबवर टाइप करत होता. जॉब कार्ड, म्हणजे गाडीवर करायच्या कामांची नोंद, मात्र बिलासोबत संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आलं. त्यावर होतं ‘अलाइनमेंट, बॅलन्सिंग’ आणि ‘ब्रेक जनरल चेकअप’. वासाचा उल्लेखच नाही. "ओढते" म्हटलं म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ करणं, लावली आणि विषय संपवला.

दुपारी त्याचे फोन आले ते वेगळ्याच कामासाठी. इंजिन डीकार्बनायझिंग करून घ्या, एसीचं डिसइन्फेक्शन करून घ्या, इंजेक्टर क्लीनिंगवर आज ऑफर आहे. दर वेळी मी चाकाचं विचारलं, दर वेळी "तेही बघतोय मॅडम". या मुलांना अशी जास्तीची कामं गळ्यात मारायचं टार्गेट असतं हे मला माहीत आहे, आणि नोकरी टिकवायची तर त्यांनाही ते करावंच लागतं. पण एसीचा वास आणि ब्रेकचा वास यांतला कुठला आधी बघायचा, एवढं तरी टार्गेटच्या वर असायला हवं ना!

संध्याकाळी गाडी मिळाली ती चकचकीत धुऊन, टायरना काळं पॉलिश मारून. बिल 11,840 रुपये. त्यात एक ओळ ‘ब्रेक क्लीनिंग अँड ग्रीसिंग’. मी पुन्हा विचारलं, "चाक काढून बघितलं ना?" तो म्हणाला, "सगळं ओके आहे मॅडम, टेस्ट ड्राइव्हसुद्धा घेतली." त्या शब्दावर विसंबून मी आईला मागे बसवून वाईला निघाले.

खंबाटकीचा घाट चढेपर्यंत काही जाणवलं नाही. उतार लागला आणि आईच म्हणाली, "अगं, काहीतरी जळतंय." वेग कमी केला, खालच्या गिअरमध्ये जपून उतरले आणि सुरूर फाट्याच्या अलीकडे कडेला घेतली. उजव्या चाकाजवळ हात नेला तर साधी ऊब. डाव्या चाकाजवळ हात नेववेना. आईला काही बोलले नाही, पण घाटात ट्रकच्या मागे असताना ब्रेक लागला नसता तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

वाईत मामेभावाच्या ओळखीचं गॅरेज आहे, तिथे गाडी नेली. मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी मला सगळं सांगायला लावलं. कधीपासून वास येतो, पावसाआधी की नंतर, ब्रेक सोडल्यावरही ओढते का. मग जॅक लावून चाक हाताने फिरवलं. ते अडखळत फिरत होतं. चाक उतरवलं, कॅलिपर (ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर, म्हणजे चकतीवर, दाबणारा भाग) सोडवला आणि मला म्हणाले, "ताई, इकडं या, बघा."

कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतो त्यातली खालची पिन पकडीने पिळूनच बाहेर काढावी लागली. तिच्यावरचं रबर फाटलेलं, आत पाणी गेलेलं, आणि पिनेवर तांबडा कोरडा गंज. ग्रीसचा थेंबसुद्धा नाही. ज्या जागेच्या ग्रीसिंगचे पैसे मी भरले होते, ती ही जागा! आतल्या बाजूचं पॅड जवळजवळ पत्र्याला टेकलेलं, बाहेरचं मात्र निम्म्याहून जास्त शिल्लक. पिन सरकली नाही की कॅलिपर मोकळा होत नाही, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतं, चाक तापतं आणि गाडी त्या बाजूला ओढते, हे त्यांनी बोटाने दाखवत समजावलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, जुनं झालं की लवकर उकळतं, आणि मग ऐन उतारावर पेडल खाली जातं. तेही बदललं. दोन्ही बाजूंना नवे पॅड, रबर किट, पिना पॉलिश पेपरने घासून ग्रीस. जुने पॅड त्यांनी न मागता कागदात गुंडाळून दिले.

तेच पॅड घेऊन आज सर्व्हिस सेंटरला गेले होते. ॲडव्हायझरने संगणकावरची चेकलिस्ट दाखवली, ब्रेकसमोर हिरवी खूण. मी म्हटलं, ज्यांनी गाडी उघडली त्यांच्याशी बोलू द्या. वर्कशॉपमध्ये ग्राहकांना परवानगी नाही, म्हणे. मॅनेजरने पुढच्या सर्व्हिसला लेबरवर दहा टक्के सूट आणि एक वॉशिंग फुकट देऊ केलं. मला सूट नको होती. न केलेल्या कामाचे पैसे परत हवे होते आणि माझी तक्रार आतल्या माणसापर्यंत का पोचली नाही याचं उत्तर हवं होतं.

आत काम करणाऱ्या मेकॅनिकवर माझा राग नाही. त्याच्या हातात जॉब कार्ड पडलं, त्यावर वासाबद्दल काही नव्हतं, आणि संध्याकाळपर्यंत त्याला आणखी गाड्या उरकायच्या असणार. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो, आणि मध्ये माझं म्हणणं आपल्या सोयीने टिपून घेणारा माणूस. वाईच्या मिस्त्रींकडे एसीची वेटिंग रूम नाही, पण ज्याने ऐकलं त्यानेच पाना हातात धरला. फरक पडला तो यानेच.

घरी येऊन ग्राहक संरक्षण कायदा काढून वाचला. 2019 च्या या कायद्यात सेवेतील त्रुटीची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. शेजारच्या काकू म्हणाल्या, एवढ्याशा रकमेसाठी कशाला डोक्याला ताप. मला नाही पटत. बिलावर ब्रेकचं काम लिहून ते न करणं ही छोटी गोष्ट कशी?

तक्रारीत मागितलंय ते असं: ग्रीसिंगचे आणि त्यावरच्या जीएसटीचे पैसे परत, त्या दिवशी डावं चाक उतरवलं होतं की नाही याचं लेखी उत्तर, आणि यापुढे जॉब कार्ड गाडी ताब्यात घेतानाच ग्राहकाला वाचायला देऊन सही घेण्याची पद्धत. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. तोवर पॅड फडताळात बिलासोबत ठेवलेत, आणि उत्तर आलं नाही तर 1915 वर फोन करणार आहे.