ओला फ्रॉक

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलेय. तसं काहीच घडलेलं नाही, म्हणजे कुणाला सांगायला गेले तर "एवढंच ना?" म्हणतील असं. संध्याकाळी लेक चित्र रंगवत बसली होती, मी आत होते, आणि ब्रश बुडवायचा पेला कलंडल्याचा आवाज आला. मी बाहेर येईपर्यंत अर्धं मिनिटसुद्धा गेलं नसेल, तर ही उभी, हात मागे, पेला सरळ करून ठेवलेला, फरशी जवळजवळ कोरडी, आणि फ्रॉकचा पुढचा सगळा घेर गढूळ हिरव्या पाण्यानं चिंब. फ्रॉकनं पुसलं होतं तिनं. फडकं तिथंच बाजूला होतं, पण ते उचलून पुसेपर्यंत मी आले असते ना.

आणि ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, काही बोलत नव्हती, नुसती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, काय येतंय त्यावर ते.

मी ओरडले नाही. तिच्यावर मी कधीच हात उगारलेला नाही, ओरडतेही क्वचित, आणि याचा मला मनातून केवढा अभिमान आहे. मग पाच वर्षांच्या पोरीला माझी एवढी धास्ती कशाची? संध्याकाळपासून हेच. मला वाटतं चेहऱ्याचीच. तो कसा दिसतो मला ठाऊक नाही, पण ओठ घट्ट मिटतात हे जाणवतं, आणि नाकानं एक श्वास सोडते मी, त्याचा आवाज होतो. बूट उलटे घातले, तो श्वास. अक्षर रेघेच्या बाहेर गेलं, तो श्वास. तोंडानं त्याच वेळी "असू दे गं" म्हणत असते.

आईचाही असायचा असा... ते आज नको.

किती करते मी. खरंच किती करते. झोपायची वेळ, गोष्टीचं पुस्तक, स्क्रीन किती मिनिटं, कुठला शब्द तिच्यासमोर वापरायचा नाही, सगळं वाचून, ठरवून, रात्री पुन्हा मनात उजळणी करून. एवढं सगळं करून तिला काय मिळालं, तर चटकन पुरावा पुसायची सवय. हे लिहितानाच घसा दाटून आला.

पोटुशी असताना एक व्हिडिओ बघितला होता, मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगाचा. आई बाळाशी खेळता खेळता एकदम चेहरा निर्विकार करते, बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, आवाज काढतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर कावरंबावरं होऊन तोंड फिरवतं. तेव्हाच ठरवलं होतं, असा चेहरा माझा कधी होऊ द्यायचा नाही. आज रात्री पुन्हा शोधून वाचलं तर त्यांच्याच कामातलं दुसरं काहीतरी सापडलं, जे तेव्हा मी वाचलंच नव्हतं: चांगलं चाललेल्या आई-बाळांचाही सूर जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेला असतो. उरलेला वेळ चुकामूक, आणि मग पुन्हा जुळवून घेणं. ३०! मी तर ९५ ला सुद्धा रात्री जागत बसले असते.

आणि विनिकॉट, तो ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या १९५३ च्या लेखातली 'गुड इनफ' आई. 'पुरेशी आई' म्हणू या. हा शब्द मला कायम खटकायचा, कामचलाऊ वाटायचा. पण ते म्हणतात की सुरुवातीला आई बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते आणि मग बाळाला जसजसं झेपतं तसतसं हळूहळू कमी करत जाते. म्हणजे कमी पडणं हेही त्या कामातच धरलेलं आहे. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मी इतकी वर्षं जे थोपवून धरलं होतं, तेच तिला थोडं थोडं करून द्यायचं होतं तर.

पटलं का पूर्ण? नाही. फ्रॉक अजून डोळ्यासमोर आहे. हिरवा डाग गेला नाहीये, आणि मी तो घासत बसले नाही, बादलीत तसाच ठेवलाय, सकाळी बघू. हा म्हणाला "झोप आता", त्याला अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन.

झोपवताना तिला म्हटलं, मघाशी मी तुझ्याकडे रागानं बघितलं का गं? तिनं विचार केला आणि म्हणाली, "थोडंसं." मी सॉरी म्हटलं. मग तिला तहान लागली, स्वतःच उठली, पेला काठोकाठ भरून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून अंधारात चालायला लागली. दाराशी सांडलं थोडं. ती थांबली, माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा होता देव जाणे. मग तशीच पुढे चालत पलंगापर्यंत आली.